पाखरू पडते तसं

आमच्या शाळेवरून रोज विमानं जातात. मोठी नव्हेत, दोन माणसं बसतील एवढी. शिकाऊ पोरंपोरी ती चालवतात. लांबच्या कुठल्याशा धावपट्टीवरून सकाळी निघतात, सिहोरा गावाच्या अंगाने एक घिरटी घेतात आणि परत जातात. पहिल्या वर्षी मुलं वर्ग सोडून पटांगणात धावायची. आता कुणी मानही वर करत नाही. मीही करत नव्हतो. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो चालू आहे हे कळायचंच नाही. तो बंद झाला तेव्हा कळलं.

जानेवारीतली सकाळ होती. वर्गात पाचवीची मुलं शुद्धलेखन लिहीत होती आणि त्यांचे गुरुजी, म्हणजे मीच, शाळेच्या मागे हातपंपाजवळ उभे राहून खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घासायचं आणि गालात धरायचं. आमच्या भागात हे व्यसन इतकं सरसकट आहे की त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. शाळेच्या फाटकावर मात्र ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे आणि तो माझ्याच अक्षरात आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी घाण या चिमूटभर खर्ऱ्यापायी झाली.

आवाज एकदम थांबला म्हणून मी वर पाहिलं. पांढरं विमान मोहाच्या झाडांच्या वर, बरंच खाली आलेलं, आणि अगदी गप्प. ते सरळ आलं असतं तर शाळेवर किंवा घरांवर आलं असतं. ते वळलं. गाव डाव्या हाताला सोडून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या शेतांकडे गेलं, खाली खाली गेलं आणि सगळ्यांत लांबच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, टेकलं. चाळीस-पन्नास पावलं सरळ रेषेत धावलं. मग पुढचं चाक धुऱ्यावर आदळलं, नाक मातीत घुसलं आणि शेपटी वर झाली.

ज्याला धानाची शेती ठाऊक नाही त्याला एवढंच सांगतो, की धान कापल्यावर आमच्याकडे बांध्या रिकाम्या नसतात. धान उभं असतानाच त्यात लाखोळी, आमच्याकडचं कडधान्य, फेकलेली असते. जानेवारीत ती गुडघ्याला लागते आणि दोन बांध्यांमधला मातीचा धुरा तिच्यात बुडून जातो. वरून ते सगळं सलग हिरवं मैदान दिसत असणार. मी माझ्या गावी, अड्याळला, धानातच वाढलो, तरी लाखोळीच्या दिवसांत मी स्वतः दोनदा धुऱ्याला अडखळून पडलोय. विमानातल्या त्या शिकाऊ पोरीने दोनशे हातांवरून तो कसा पाहावा?

मी खर्रा थुंकून धावलो. माझ्याआधी तिथे एक म्हातारी पोचली होती. ते शेत तिचंच, आणि ती शेजारच्या बांधीत लाखोळीची भाजी खुडत होती. विमानातून एकटी मुलगी बाहेर आली होती, जेमतेम वीस वर्षांची, भुवईवर कापलेलं, आणि धुऱ्यावर बसून स्वतःच्या हातांकडे पाहत होती. म्हातारीने पदराने तिचं रक्त पुसलं आणि आपल्या डब्यातलं पाणी पाजलं. त्या दिवशी त्या शेतात माणसासारखं वागलेलं माणूस ते एवढंच.

पंधरा मिनिटांत अख्खं गाव लोटलं. मग शेजारची गावं मोटारसायकलींवर आली. मुलगी जिवंत आहे हे कळल्यावर लोकांना थोडी निराशाच झाली असावी, कारण लगेच सगळे तिच्याकडे पाठ करून विमानाकडे वळले. पंखावर पाय ठेवून फोटो, शेपटीला लोंबकळून फोटो. एकजण बायकोला व्हिडिओ कॉलवर विमानाचा पंखा दाखवत होता. सरपंच इस्त्रीचा सदरा घालून आले, म्हणजे घरी जाऊन बदलून आले. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने, ज्याला मी चार वर्षं मराठी शिकवलं, मोबाइलसमोर उभं राहून ‘भीषण अपघात’ असं तीनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा जमलं म्हणून खूश झाला. लाखोळीचा पार चिखल झाला. म्हातारी लोकांना हात जोडून बाजूने जा म्हणत होती. ऐकतंय कोण? पारावरचे दोन शहाणे, ज्यांनी बैलगाडीसुद्धा कधी धड हाकली नाही, पोरीच्या हाती विमान दिल्यावर दुसरं काय होणार यावर चर्चा करत होते, आणि ती पोर त्यांच्यापासून चार हातांवर बसून ते ऐकत होती. मला या लोकांची शिसारी आली. मी त्यांना दोन शब्द सुनावले, आणि आपण यांच्यातले नाही असं वाटून मला बरंही वाटलं.

दुपारी पोलीस आले आणि त्यांच्या मागोमाग वैमानिक प्रशिक्षण केंद्राचे साहेब. गॉगल, चकचकीत बूट, सोबत दोन माणसं. साहेबांनी आधी विमानाला प्रदक्षिणा घातली. मग मुलीकडे आले आणि तिला कुठे लागलंय हे न विचारता, तू हे काय केलंस असं हिंदीत विचारलं. इंजिन बंद पडलं सर, ती म्हणाली. ते असं बंद पडत नसतं, साहेब म्हणाले आणि फोनवर बोलायला लांब गेले.

जबाब शाळेच्या व्हरांड्यात झाले, कारण तिथे टेबल-खुर्ची आणि सावली होती. हवालदाराने कागद माझ्यापुढे सरकवले. गुरुजींचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, असं तो म्हणाला आणि मी फुगलो. तीस वर्षं मी त्याच कौतुकावर जगतोय.

म्हातारीने सांगितलं ते तिच्या शब्दांत असं होतं: “इमानाचा आवाज बंद झाला. मंग ते उलसक तिकडं वळलं न पाखरू पडते तसं पडलं माह्या बांधीत. मंग धुऱ्याले लागलं.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे धानावर पोपट पडतात, बोडीवर बदकं पडतात. पाखरू पडलं म्हणजे मेलं नव्हे, ते वरून आलं आणि बसलं. झाडीपट्टीतलं शेंबडं पोरही यात चुकणार नाही. म्हातारी सांगत होती, की विमान नीट उतरलं. तिने हाताचा पंजा पसरून, हळूच टेबलावर टेकवून दाखवलंसुद्धा.

मी तिचं बोलणं शुद्ध करू लागलो. माझी खोडच ती. ‘इमान’चं ‘विमान’ केलं, ‘माह्या’चं ‘माझ्या’, ‘धुऱ्याले’चं ‘बांधाला’. ‘पडलं’पाशी आलो तेव्हा त्यात शुद्ध करण्यासारखं काही दिसेना. ‘पडले’ लिहिलं. पाखराचं काय करायचं असं मी हवालदाराला विचारलं, तेव्हा मागे उभे असलेले साहेब मराठीत म्हणाले की, “उपमा कशाला, सरळ लिहा.” आवाजाचं वाक्य लिहायला घेतलं तर ते पुन्हा म्हणाले, की बाईंनी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, इंजिनाचं तज्ज्ञ बघतील. हवालदारालाही घरी जायचं होतं. तेव्हा कागदावर राहिलं ते एवढंच: ‘विमान माझ्या शेतात पडले व बांधाला लागले.’ म्हातारीला वाचून दाखवलं. तिने ‘पडले’ ऐकून मान डोलावली, कारण ती तेच म्हणाली होती. मग अंगठा दिला.

शब्द माझ्या हातून निसटला असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. ‘पडले’ लिहिताना मला त्याचे दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि कागद वाचणारे साहेब कोणता अर्थ घेणार हेही ठाऊक होतं. पण मला भूक लागली होती, आणि माझं अक्षर बघत सगळे गप्प उभे होते.

मग माझा जबाब. मी कुठे होतो? खरं सांगायचं तर शाळेच्या वेळेत वर्ग सोडून, पंपाजवळ. तिथे काय करत होता, हा पुढचा प्रश्न आलाच असता. शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांपर्यंत गेलं असतं. फाटकावरच्या फलकावरून आजूबाजूच्या सगळ्या शाळा हसल्या असत्या. मी लिहिलं, ‘मी वर्गात अध्यापन करत होतो. मोठा आवाज झाल्याने बाहेर आलो तेव्हा विमान शेतात पडलेले होते.’ खाली सही केली, तीही वळणदार. मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. तिला वाटत होतं की टेबलावर तिच्या बाजूचं लिहिलं जातंय.

संध्याकाळी टीव्हीच्या पट्टीवर विमान कोसळलं होतं. दोन दिवसांनी केंद्राच्या माणसांनी ते सुटं करून ट्रकवर चढवलं आणि नेलं. गावाला आठवडाभर विषय पुरला.

चार महिन्यांनी, उन्हाळ्यात, ती मुलगी वडिलांना घेऊन एसटीने आली. वडील खानदेशातले, विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं त्यांचं लहानसं दुकान. सभ्य माणूस, बोलताना सारखे हात पुसणारा. त्यांच्याकडून कळलं की केंद्राने तिचं उड्डाण बंद केलंय. तिने घाबरून उंची सोडली आणि चालू विमान शेतात पाडलं असा त्यांचा निष्कर्ष होता. इंजिन नंतर खोलून चालवून पाहिलं तर चाललं म्हणे. तेव्हा ते हवेत बंद पडलं होतं की नाही हे आता फक्त ऐकणाऱ्यांनाच माहीत, आणि ऐकणाऱ्यांच्या जबाबांत आवाज थांबल्याचा शब्द नव्हता. तिला पुढे कुठे शिकायचं तरी या केंद्राच्या सहीशिवाय कुणी घेत नव्हतं.

एक गोष्ट तिने मला शांतपणे समजावून सांगितली. इंजिन चालू असताना विमान आदळलं तर फिरत्या पंख्याची दोन्ही पाती वाकतात. बंद असताना आदळलं तर खालचंच पातं वाकतं, वरचं सरळ राहतं. तिच्या विमानाचं वरचं पातं सरळ होतं, तिने पाहिलं होतं. पण तिचा फोन विमानात फुटला होता आणि केंद्राकडे तसा फोटो नव्हता. म्हणून बापलेक सकाळपासून घरोघर हिंडत होते. त्या दिवशी गावात शेकडो फोटो निघाले होते. लोकांनी हौसेने दाखवले. मीही त्यांच्याबरोबर बसून पाहिले. प्रत्येक फोटोत आमची थोबाडं. सरळ पातं जिथे दिसायला हवं तिथे कुणाचं डोकं, कुणाची दोन बोटं, सरपंचांचा सदरा. एका फोटोत पात्याला कुणीतरी आपली टोपी अडकवली होती आणि पातं अर्धंच दिसत होतं. ती तो फोटो मोठा करून, लहान करून बराच वेळ बघत राहिली. ज्याचा फोन होता तो मध्येच म्हणाला, “मॅडम, एक सेल्फी घेऊ का तुमच्यासोबत?” मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग आम्ही म्हातारीच्या अंगणात गेलो. ती मुलीला पाहून उठली, भुवईवरचा व्रण बोटाने चाचपला, बस म्हणाली. आवाजाचं विचारताच तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, आधी आवाज गेला, मग वळलं, मग पाखरू पडते तसं पडलं. मुलीच्या वडिलांचा चेहरा ‘पडलं’ ऐकून उतरला. मग मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं का, असं ती विचारेल असं मला वाटलं. तिने ते विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

“सर, मी तुमच्या शाळेजवळूनच वळले होते. तुम्ही आवाज बंद झालेला ऐकला असेल ना?”

मी म्हणालो, “मी वर्गात होतो.”

किती सहज गेलं ते तोंडातून. चार महिन्यांपूर्वी लिहिलेलं खोटं पाठ झालेल्या कवितेसारखं बाहेर आलं. म्हातारीने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघितलं.

“काहून खोटं बोलून राहिले, गुरुजी? तुमी तं पंपाजवळ होते. माह्या बांधीतून पंप दिसते न, मी पायलं तुमाले. मान वरतं करून उभे होते.”

मुलगी रडली-बिडली नाही. तिने पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तेव्हाच लिहून दिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो की असं घाईत नको, नीट मसुदा करून मीच अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयाला पाठवतो. वडिलांनी माझे आभार मानले. नंबर लिहून दिला. मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत त्यांना धानाच्या जातींची माहिती दिली.

मसुदा करायला मला अडीच महिने लागले. शाळा सुरू झाली, पाठ्यपुस्तकं वाटायची होती, रोवणी आली, कारणांना तोटा नव्हता. दरवेळी लिहायला बसलो की पंपाशी येऊन हात थांबायचा. शेवटी पाठवलं, पण त्यातही खर्रा लिहिला नाही. ‘काही कामानिमित्त पटांगणात होतो’ असं लिहिलं, आणि आवाज थांबल्याचं, विमान गाव टाळून वळल्याचं, नीट उतरल्याचं, सगळं लिहिलं.

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. आपल्या दोन जबाबांत विसंगती आहे, त्यांपैकी खोटा कोणता आणि तो का दिला याचा खुलासा स्वहस्ताक्षरात करावा. पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास दुसरा जबाब विचारात न घेता प्रकरण बंद करण्यात येईल. मी ते पत्र दहा दिवस कपाटात ठेवलं. अकराव्या दिवशी बसलो आणि पहिल्यांदा सगळं लिहिलं. पहिला जबाब खोटा. कारण, शाळेच्या वेळेत खर्रा खात होतो, ते लपवायचं होतं. म्हातारीच्या ‘पडले’चंही लिहिलं, पाखरासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला, तुमसरला, जाऊन स्पीड पोस्ट केलं. नोकरीवर गदा येईल हे कळत होतं, तरी हलकं वाटलं. खरं सांगतो, मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. बसथांब्यावर चहा घेता घेता मी मुलीच्या वडिलांना फोन लावला.

त्यांनी ओळखलं. मी पत्राबद्दल सांगायला सुरुवात केली. म्हटलं, पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय, नाही तर प्रकरण बंद करतील, मी सगळं खरं लिहिलंय.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग सावकाश सांगू लागले. मुलीने गेल्याच महिन्यात केंद्राला लिहून दिलं होतं. इंजिन चालू होतं, चूक माझी होती, मी घाबरले. तसं लिहून दिलं तर सही देतो, दुसरीकडे पुढचं शिकता येईल, असं साहेब म्हणाले होते. पंधरा दिवस ती नाहीच म्हणत होती. मग एका सकाळी उठली आणि लिहिलं. आता दुसऱ्या राज्यात तिला प्रवेश मिळालाय, सोमवारी ती निघणार आहे.

“आता तुमचं खरं पुढे आलं तर ती खोटी ठरेल, गुरुजी,” ते म्हणाले. “पुन्हा चौकशी, पुन्हा सगळं बंद. प्रकरण आपोआप मिटू दे. तुम्ही पाठवलं नाही ना अजून?”

पोस्ट ऑफिस समोरच होतं. आत जाऊन विचारलं असतं तर कदाचित टपाल निघालंही नसेल. कदाचित निघालं असेल.

“नाही,” मी म्हणालो. “अजून पाठवलं नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय.”

स्पीड पोस्टाची पावती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी चहाचे पैसे दिले आणि सिहोऱ्याच्या बसमध्ये बसलो.